हमाल एका बोटाने का पडला

दुकानांची शटरं उघडायच्या आत जिन्यावर रांग लागलेली असे. खालचं फर्निचरचं दुकान कधीच बंद पडलं होतं. वरचा मोठा हॉल तेवढा कुणीतरी भाड्याने घेऊन दारावर 'चैतन्य केंद्र, प्रवेश विनामूल्य' अशी पाटी ठोकली होती. रांगेतली माणसं बहुतेक साठी ओलांडलेली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या गुडघ्याला पट्टी, तर कुणी नुसतंच घरात करमत नाही म्हणून आलेलं. आत शिरताना प्रत्येकाच्या हातावर साबणाची एक वडी ठेवली जायची, फुकट. बसायला आतून गरम होणारी गादीची खुर्ची, तीही फुकट. आणि पुढे मंचावर जो चमत्कार दिसायचा, तोही फुकटच. फुकटच्या इतक्या गोष्टी एका छपराखाली दिसल्या की शहाण्याने आल्या पावली परत फिरावं. पण गरम खुर्चीतून उठवत नाही, हीच तर त्या खुर्चीची करामत.

त्या दिवशी मंचावर बाजारातला एक हमाल उभा होता. पाठीवर पोतं घेऊन जिने चढणारा, मानेचा खांब झालेला गडी. त्याच्यासमोर पांढऱ्या बुटांतला, गुळगुळीत चेहऱ्याचा एक तरुण. त्याला सगळे भाऊ म्हणत. तो समोरच्या प्रत्येकाला आई आणि बाबा म्हणे.

"आई, बाबा, नीट बघा हं," भाऊ म्हणाला. कॉलरला चिकटवलेल्या माइकमधून आवाज मधासारखा पाझरत होता. "शरीर म्हणजे काय? शरीर म्हणजे बॅटरी. बॅटरी उतरली की मोबाइल काय होतो?"

"बंद," हॉल एका सुरात म्हणाला.

"आणि डॉक्टर काय करतात? मोबाइल बंद पडलाय, आणि हे त्याच्या काचेला मलम चोळत बसलेत."

हॉल खदखदून हसला. रोज याच वाक्यावर हसायचा.

भाऊने हमालाला पाय जुळवून उभं केलं, एक हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरायला लावला आणि त्या हातावर फक्त एक बोट टेकवून दाबलं. हमालाचा तोल गेला, पाय सुटला आणि एवढा मोठा गडी बाजूला कोलमडला. लोकांनी श्वास रोखले. मग भाऊने एक काळा पट्टा हमालाच्या कमरेला बांधला आणि पुन्हा बोट लावलं. हमाल ढिम्म. भाऊने दोन बोटं लावली, अख्खा पंजा लावला, दातओठ खाल्ले, शेवटी त्या हाताला लोंबकळायचा आव आणला. हमाल जागचा हलला नाही. स्वतःच्या ताकदीचं त्यालाच नवल वाटत होतं.

"कमरेला बांधा, खिशात ठेवा, नुसता हातात धरा," टाळ्या ओसरल्यावर भाऊ म्हणाला. "चैतन्य पट्टा आपलं काम करणार म्हणजे करणार. यात कुठली खनिजं आहेत, ते सांगायची आम्हाला परवानगी नाही. सांगितलं तर उद्या औषध कंपन्या दुकानं बंद करून आमच्या दारात बसतील. आणि पट्ट्याच्या जोडीची गादी सवलतीत मिळेल, या रविवारपुरतीच."

मागच्या रांगेत एक बाई हाताची घडी घालून हे बघत होती. ती दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात शिकवायची. विषय असा, की माणसं एखादी वस्तू विकत का घेतात. वर्गात कुणी नवे बूट घालून आलं तरी ती विचारायची, "का घेतलेस?" आणि "आवडले म्हणून" हे उत्तर तिला चालत नसे. पोरांनी तिचं नावच कामॅडम पाडलं होतं. सुट्टीत ती वडिलांकडे आली होती. "तू चल तर खरी, तुझ्याच विषयातलं आहे," असं म्हणत वडिलांनीच तिला मोठ्या कौतुकाने इथे आणलं होतं.

हमाल पडला तेव्हा ती चपापली. तो सामील असेल असं तिला आधी वाटलं. पण उठून उभा राहतानाचा त्याचा ओशाळलेला चेहरा बघून ते पटेना. इतकं बेमालूम नाटक येत असतं तर त्याने पोती कशाला वाहिली असती?

मग अनुभव सांगायची वेळ झाली. एकीची पाठदुखी थांबली होती, एकाला झोप लागू लागली होती. भाऊने हाक मारली, "आता आपले घड्याळजी बाबा बोलतील," आणि तिच्या शेजारून तिचे वडील उठले.

घड्याळजींचं सगळं आयुष्य डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं होतं. मोबाइल आले, घड्याळं गेली, दुकान मिटलं. पाठोपाठ बायकोही गेली. ते थट्टेतसुद्धा खोटं बोलत नाहीत अशी त्यांची ख्याती होती, आणि म्हणूनच भाऊ कित्येक महिने त्यांना दर आठवड्याला माइकसमोर उभं करत होता.

"मला काचबिंदू आहे," ते माइकसमोर म्हणाले. "डॉक्टरांनी जन्मभर घालायला थेंब दिलेत. फार झोंबतात ते. पट्टा घेतल्यापासून डोळ्यांना थंड वाटतं, धूसरपणा गेला. मी थेंब बंद केले. काही बिघडलं नाही. उलट बरंच वाटतंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या झेलत घड्याळजी मंचावरून उतरायला वळले आणि त्यांचा डावा खांदा माइकच्या दांड्यावर जाऊन आपटला. दांडा चांगला उंच, चकचकीत होता. तो त्यांना दिसलाच नव्हता.

"कुठेही काहीही उभं करून ठेवतात," असं पुटपुटत ते जागेवर येऊन बसले. शेजारच्या खुर्चीतल्या मावशींनी त्यांची पाठ थोपटली. या मावशी त्यांच्या समोरच्या दारात राहायच्या, गुडघ्यांसाठी पट्टा बांधायच्या, आणि केंद्रात पहिला नंबर रोज त्यांचाच असायचा.

घरी आल्यावर कामॅडमने फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात थेंबांच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. एकीचंही सील फुटलेलं नव्हतं.

"बाबा, हे कधीपासून?"

"सांगितलं ना मंचावर. ऐकलं नाहीस?"

"मंचावर सांगितलंत. मला फोनवर रोज म्हणत होतात, औषध चालू आहे."

"तू फोनवर तेवढंच विचारतेस. औषध घेतलं का, जेवलात का. मी हो म्हणतो, फोन संपतो." त्यांनी फ्रिजचं दार तिच्या हातून लोटून बंद केलं. "आणि तू कोण मला शिकवणार? तूच पोरांना शिकवतेस, लोकांच्या गळ्यात माल कसा मारायचा ते."

"मी लोक माल का घेतात ते शिकवते."

"एकाच सुरीची दोन नावं."

हे तिला झोंबलं, कारण तिच्या वर्गातून बाहेर पडलेली निम्मी पोरं खरंच विक्रीच्या नोकऱ्यांत होती. पण ती मागे हटली नाही. तिने एकेक गोष्ट सोलून दाखवायला घेतली. साबणाची वडी कशाला देतात? हातात काही घेतलं की माणसाला मिंधेपण येतं. मग तो मधेच उठून जात नाही. गरम खुर्ची कशाला? अंग सैलावलं की जीभ आणि खिसा दोन्ही सैल होतात. मंचावर बोलायला का लावतात? चारचौघांत एकदा बोललेला शब्द माणूस सहसा मोडत नाही. उद्या पट्टा कुचकामी वाटला तरी तो दुसऱ्यांना पटवत राहतो, म्हणजे स्वतःला पटवत राहतो. आणि 'या रविवारपुरतीच' असलेली ती पट्ट्याच्या जोडीची गादी? विचार करायला उसंत मिळू नये म्हणून.

घड्याळजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे सगळं मला कळतं," ते म्हणाले. "मीही दुकान चालवलंय. गिऱ्हाइकाला आधी पाणी विचारावं, हे मला भाऊने शिकवलेलं नाही. तो विकायलाच बसलाय. त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण तो हमाल पडला, तो खोटा पडला? त्याच मंचावर पहिल्या दिवशी मी पडलो. पट्टा बांधल्यावर नाही पडलो. हे माझ्या अंगाने अनुभवलंय. तुझ्या पुस्तकात याचं उत्तर असेल तर सांग."

तिच्या लक्षात आलं, की याचं उत्तर मिळत नाही तोवर बाकीचं सगळं शहाणपण पालथ्या घड्यावर पाणी आहे.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला.

"थेंबांनी काही वेळ झोंबतं आणि धूसर दिसतं. बंद केले की ते थांबणारच. त्याचं श्रेय पट्ट्याने घेतलं," ते म्हणाले. "पण हा आजार दुखत नाही हो. डोळ्यातला दाब नस मारत राहतो आणि नजर कडेकडेने खाल्ली जाते. रिकामी झालेली जागा मेंदू अंदाजाने भरून काढतो, त्यामुळे माणसाला वाटतं, आपल्याला सगळं दिसतंय. दारावर आपटला की तो दाराला शिव्या देतो. गेलेली नजर मी परत आणू शकत नाही, उरलेली राखू शकतो. त्यांना घेऊन या, लवकर."

तिने घरी येऊन हे सांगितलं. घड्याळजींनी पेपर उलगडून तोंडासमोर धरला. "डॉक्टर असंच बोलणार. भाऊने ते आधीच सांगून ठेवलंय."

भाऊने तेही सांगून ठेवलं होतं, हे ऐकून तिचं डोकं सणकलं. रोगावर औषध नसलेल्या या माणसाकडे औषधावरचा उतारा मात्र तयार होता.

त्यानंतर ती रोज केंद्रात जाऊ लागली. वडिलांना वाटलं, पोरगी वळतेय. भाऊला वाटलं, आणखी एक गिऱ्हाईक. ती पुढच्या खुर्चीत बसत नसे. भिंतीला टेकून, मंचाच्या कडेला उभी राही. समोरून बघणाऱ्याला फक्त दाबणारं बोट दिसायचं. कडेने बघणाऱ्याला भाऊचा खांदा दिसे, कोपर दिसे आणि त्या बोटाची दिशाही दिसे. पट्टा नसताना बोट पडायचं मनगटाच्याही पुढे, पंजावर, आणि खाली दाबता दाबता हलकेच बाहेर ओढायचं. पट्टा बांधला की तेच बोट कोपराजवळ सरकायचं आणि जोर माणसाच्या अंगाकडे जायचा. फरक दोन विती भरला नसता. पण तो न चुकता, दर वेळी व्हायचा.

बघणं वेगळं आणि करून दाखवणं वेगळं. ती सरळ बाजारात गेली आणि गाडीतून पोती उतरवणाऱ्या त्या हमालासमोर उभी राहिली.

"तुम्हाला जरा पाडून बघायचं आहे," ती म्हणाली.

हमालाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "बाई, तुम्ही? पट्टा आणलाय का?"

"नाही. पट्टा लागत नाही."

आजूबाजूचे हमाल काम सोडून गोळा झाले. पहिल्या खेपेला तिच्याच पायाखालचा पाला सरकला आणि ती कोबीच्या ढिगावर बसली. लोक मनमुराद हसले. मग हळूहळू तिला गोम सापडली. पंजावर बोट, खाली आणि किंचित बाहेर: हमाल पडला. कोपराजवळ बोट, खाली आणि आत: हमाल उभा. तिने त्याच्या खिशात कांदा ठेवला, 'आता पडणार नाहीस' असं सांगितलं, आणि तो पडला नाही. कांदा काढला, पडला.

हमालाचं हसू मावळलं.

"म्हणजे माझ्यात जोर कमी नव्हता," तो सावकाश म्हणाला. "मी घरी सांगितलं, आता माझी बॅटरी उतरलीय. बायको म्हणाली, पट्टा घेऊन टाका, काही विकावं लागलं तरी चालेल. रात्रंदिवस मनाला तेच लागून राहिलं होतं." त्याने पोत्यावर थाप मारली. "कधी यायचं ते सांगा."

रविवारी हॉलमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. मंचावर गादी उभी करून ठेवलेली, तिला मोठी लाल फीत बांधलेली. भाऊने आज कोट चढवला होता. घड्याळजी पुढच्या रांगेत होते. त्यांनी गादीसाठी नाव दिल्याचं मावशींनी तिला सकाळीच अभिमानाने सांगितलं होतं.

अनुभवांची वेळ झाली तशी कामॅडम उठली. "मी घड्याळजींची मुलगी. मला काही दाखवायचं आहे."

भाऊचा चेहरा उजळला. "आई, बाबा, जोरदार टाळ्या. प्राध्यापिका आहेत ताई. शिकलेली माणसंसुद्धा आता आपल्याकडे यायला लागली."

तिने हमालाला मंचावर बोलावलं. पट्टा नाही, बोट लावलं, हमाल पडला. टाळ्या. मग पर्समधून कापडाची एक बंद थैली काढून तिने हमालाच्या मोकळ्या हातात दिली. "शरीर म्हणजे बॅटरी," ती भाऊच्याच सुरात म्हणाली. लोक हसले. तिने बोट लावलं, पंजा लावला, लोंबकळायचा आव आणला. हमाल जागचा हलला नाही. टाळ्यांनी हॉल दणाणला. सगळ्यांत जोरात टाळ्या मावशी वाजवत होत्या.

"थैलीत काय आहे?" कामॅडमने विचारलं.

"चैतन्य पट्टा," हॉल म्हणाला.

तिने थैली उघडून आतली वस्तू दोन बोटांत धरली. "माझा मोजा. धुतलेला आहे."

टाळ्या अर्ध्यात थांबल्या. भाऊने मात्र क्षणही वाया घालवला नाही.

"ताईंनी हात वाकडा धरला," तो हसत म्हणाला. "मी कडेलाच उभा होतो. ही हातचलाखी आहे."

"हातचलाखीच आहे," ती म्हणाली. "माझी आणि तुमची अगदी सारखी. नसेल तर तुम्ही करून दाखवा. दोन सारख्या थैल्या. एकीत तुमचा पट्टा, दुसरीत माझा मोजा. कशात काय आहे ते तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. पट्ट्यात जोर असेल तर त्याला कळेलच, की आपण कुठल्या थैलीत आहोत."

भाऊचं हसू जागच्या जागी राहिलं, पण आवाजातला मध आटला. "परीक्षा बघितलेली चैतन्याला चालत नाही. विश्वास नसेल तिथे ते काम करत नाही."

"परवा म्हणालात, नुसतं हातात धरलं तरी काम करतं."

"बस कर आता," मावशी उठून ओरडल्या. "तू वर्षातून कितीदा येतेस बापाला भेटायला? हा पोरगा रोज विचारतो, झोप लागली का, पाय दुखतोय का. माझी मुलं परदेशात बसून वाढदिवसाला फोन करतात. तुम्ही कुणी येणार नाही, आणि जो येतो त्यालाही हाकलणार."

हॉलमध्ये कुजबुज वाढली. "बाई, खाली उतरा," मागून कुणीतरी म्हणालं. "शिकलेल्यांना माज असतो," दुसरं कुणी म्हणालं. मावशी बोलल्या त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं, हे कामॅडमला कळत होतं. रोजची विचारपूस, हाच तर भाऊचा खरा माल होता. पट्टा नुसता त्याच्याभोवती गुंडाळलेला कागद होता.

ती खाली उतरणार एवढ्यात घड्याळजी उठले. रागाने त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि राग मुलीवरच होता.

"भाऊ, एकदाच करून दाखवा," ते म्हणाले. "माझ्यावर करा. हिची कायमची तोंडबंदी होऊ दे. माझा पूर्ण विश्वास आहे, त्यामुळे चैतन्याची अडचण नको."

भाऊ नुसताच कोटाचं बटण चाचपत राहिला. मुलीला नाही म्हणता येत होतं. पण आपल्याच खऱ्याखुऱ्या साक्षीदाराला, सगळ्या हॉलदेखत, कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

"थैल्या मावशी भरतील," कामॅडम म्हणाली. "त्या तुमच्याच आहेत."

मावशी पट्टा, मोजा आणि दोन थैल्या घेऊन आतल्या खोलीत गेल्या. वजनाने ओळखू येऊ नये म्हणून त्यांनीच दोन्हींत साबणाच्या वड्या भरल्या आणि गाठी मारून बाहेर आल्या. घड्याळजी मंचावर पाय जुळवून उभे राहिले. पहिली थैली हातात घेतली. भाऊने पसरलेल्या हातावर बोट ठेवलं, पण कुठे दाबावं हे त्या बोटाला कळेना. ते पंजाकडे गेलं, थबकलं, कोपराकडे आलं. दाबलं. घड्याळजी उभे. दुसरी थैली. या खेपेस बोट आधीच कोपराजवळ होतं. घड्याळजी उभेच.

"बघितलंत?" भाऊ घाईघाईने म्हणाला. "पडले नाहीत."

"दोन्ही वेळा पडले नाहीत," कामॅडम म्हणाली. "म्हणजे मोजाही पट्ट्याइतकाच जोरदार आहे. मावशी, गाठी सोडा."

मावशींनी गाठी सोडल्या. पहिल्या थैलीत मोजा होता. त्यांनी तो बाहेर काढून उलटासुलटा करून बघितला.

घड्याळजी अजून हात पसरूनच उभे होते. त्यांनी तो हळूहळू खाली घेतला. राग गेला होता. बिघडलेलं घड्याळ उघडून आत बघताना जसा व्हायचा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"भाऊ," ते म्हणाले, "मोजा हातात असताना मी पडलो नाही. मग पहिल्या दिवशी, हातात काहीच नसताना, मी का पडलो?"

"बाबा, आता तुमच्या अंगात चैतन्य साठलंय. इतके दिवस पट्टा बांधताय ना."

"या हमालाने तर पट्टा घेतलेलाच नाही. मग मघाशी मोजा धरून तो कसा उभा राहिला?"

भाऊने माइक बंद केला.

"बाबा, मी दाखवते," कामॅडम म्हणाली. तिने वडिलांचा हात पुन्हा पसरायला लावला आणि या खेपेस प्रत्येक गोष्ट सांगत सांगत केली. पाय जुळवले की माणसाचा आधार जेमतेम वीतभर रुंद उरतो. पंजावर बोट ठेवून खाली आणि बाहेर ओढलं की त्याचं वजन त्या आधाराच्या बाहेर जातं. मग तो पहिलवान असला तरी पडतोच. तेच बोट कोपराकडे आणून जोर अंगाकडे लोटला की वजन पायांवरच येतं. मग लोंबकळायचा आव आणलात तरी तो पडत नाही. पट्टा, मोजा, कांदा यांचा काही संबंध नाही. तिने लोकांना आपापसांत करून बघायला सांगितलं. थोड्याच वेळात हॉलभर म्हातारी माणसं एकमेकांना हळूच पाडत होती आणि सावरत होती.

"पण माझे गुडघे कमी दुखतात, त्याचं काय?" एका बाईने विचारलं.

"गरम खुर्चीने दुखणं कमी होतं," कामॅडम म्हणाली. "गरम पाण्याच्या पिशवीनेही होईल. पिशवी कुणाला औषध बंद करायला सांगत नाही."

सगळ्यांना पटलं असं मात्र झालं नाही. काहींनी त्याच सकाळी गादी नेली. कुणी मेहुण्याला सांगून बसलं होतं, तर कुणाला चारचौघांत माघार घेणं जमेना. केंद्राला पुढच्या आठवड्यात कुलूप लागलं, आणि पाटी दुसऱ्या कुठल्या गावात लागली असणार यात शंका नाही. मावशींनी कामॅडमशी बोलणं टाकलं. तिने मात्र जाण्याआधी त्यांचं दार वाजवलं, उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "तुम्ही बोललात ते खरं होतं," आणि गेली. त्यानंतर ती दर पंधरवड्याला येऊ लागली.

डोळ्यांच्या तपासणीला घड्याळजी तिच्याबरोबर मुकाट्याने गेले. डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली होती, आणि ती परत येणार नव्हती. उजवा डोळा थेंब घालून राखता येणार होता. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांनी थेंबांच्या वेळा कागदावर लिहून घेतल्या.

बाहेर बाकावर औषध मिळायची वाट बघत बसले असताना शेजारच्या एका गृहस्थाने विषय काढला. त्याच्या भागात नवीन केंद्र निघालंय. तिथे पाण्याचा एक जग मिळतो, त्यातलं पाणी प्यायलं की डोळ्यांचे थेंब लागत नाहीत. समोर करून दाखवतात. त्याने स्वतः बघितलंय.

कामॅडम बोलायला पुढे झुकली. घड्याळजींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं.

"जग घ्या किंवा घेऊ नका, पैसे तुमचे आहेत," ते त्या गृहस्थाला म्हणाले. "थेंब मात्र एक दिवसही चुकवू नका. आणि घेण्याआधी त्या माणसाला एवढंच सांगा, की दोन सारखी भांडी ठेव, कशात काय आहे ते तुलाही माहीत नसू दे, आणि मग तोच चमत्कार करून दाखव."

"आणि नाही दाखवला तर?"

"तर उठून घरी जा."

"सगळे बसलेले असतात हो. एकट्याने उठायला लाज वाटते."

"वाटते," घड्याळजी म्हणाले. ते मान पूर्ण डावीकडे वळवून त्याच्याशी बोलत होते, कारण त्याशिवाय तो त्यांना दिसत नव्हता. "मलाही वाटली होती. थेंब बंद करून थोडेच दिवस झाले होते, तेव्हाच मला शंका आली होती. पण माइकवर बोलून बसलो होतो, म्हणून गप्प राहिलो. माझा हा डोळा भाऊने नाही घालवला, त्या लाजेने घालवला. तुम्ही लाज वाटू द्या, आणि उठा."